१९९५ वी तान

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सूत्रसंचालक मित्राने आत्ता माझी ओळख ‘संगणक अभियंता आणि संगीतकार’ अशी करून दिली. यातला पहिला शब्द बरोबर आहे, पगार त्याचाच मिळतो. दुसऱ्या शब्दाबद्दल मात्र आपल्या संगीताच्या बाईंना शंका आहे. मेळाव्याची तयारी चालू असताना मी आपल्या ग्रुपवर दोन मिनिटांची एक ध्वनिफीत टाकली होती. आपण सगळ्यांनी अंगठे दाखवलेत, दोघातिघांनी हात जोडलेत, एकाने ‘तुझा मोबाइल हँग झाला का?’ असं विचारलं. बाईंनी मात्र ती फीत शेवटपर्यंत ऐकली आणि एकच ओळ लिहिली. ‘सगळं यंत्रच वाजवतंय, मग तू काय करतेस?’

बाई, त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही. दोन ओळींत देण्यासारखं ते नव्हतं. आज समितीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय ‘तुझ्या आवडीचा’ असं सांगितलं आहे. तेव्हा हे भाषण म्हणजे बाईंच्या त्या प्रश्नाचं उत्तर समजा. उत्तरपत्रिका उशिरा दिल्याबद्दल गुण कापायला हरकत नाही.

आधी यंत्राबद्दल. आपल्या वर्गामागची डीपी आठवते का? पावसाळ्यात खिडक्या लावून घेतल्या आणि गणिताच्या सरांच्या धाकाने वर्ग शांत झाला, की तिचा बारीक ‘हूंऽऽ’ असा आवाज ऐकू यायचा. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा थरथरतो, म्हणून तो आवाज सेकंदाला १०० कंपनांचा असतो. पेटीवर पांढरी पाचचा खर्जातला सूर ९८ कंपनांचा. म्हणजे सगळी शाळा संपेपर्यंत आपण किंचित चढ्या पांढरी पाचच्या तंबोऱ्याशेजारी बसून त्रैराशिकं सोडवत होतो.

ही वीजही आपल्याच भागातली. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ सालचं, भिवपुरीचं १९२२ सालचं. घाटमाथ्यावरच्या तलावांतलं पाणी मोठ्या नळांतून खाली येतं, त्यावर तयार झालेल्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. केळवली-डोलवलीकडून खोपोलीच्या गाडीने शाळेत येणारी मुलं ते नळ लहानपणापासून बघत आली आहेत.

मॉड्यूलर सिंथेसायझर म्हणजे तो डीपीचा आवाज आपल्या ताब्यात घेण्याची सोय. एका पेटीत छोटे-छोटे डबे शेजारी-शेजारी बसवलेले असतात. एक डबा विजेची कंपनं तयार करतो, म्हणजे सूर देतो. दुसरा त्या सुराचा तीक्ष्णपणा कमी-जास्त करतो. तिसरा आवाज कधी उठायचा आणि कधी विरायचा ते ठरवतो. चौथा ठोका देतो. हे डबे एकमेकांना आधीपासून जोडलेले नसतात. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बाई जशा एका भोकातली वायर काढून दुसऱ्यात खुपसायच्या, तशा वायरी आपण स्वतः जोडायच्या. जोडणी बदलली की वाद्य बदललं. अमेरिकेत १९६० च्या दशकात रॉबर्ट मूग आणि डॉन बुकला या दोघांनी अशी वाद्यं वेगवेगळ्या ठिकाणी बनवली.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. सुरांची उंची यात व्होल्टमध्ये मोजतात. एक व्होल्ट वाढवला की सूर बरोबर एक सप्तक वर जातो. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे काही नसतं. इथे मात्र व्होल्ट हळूहळू सरकवता येतो, जुन्या पंख्याचा गोल रेग्युलेटर फिरवावा तसा. त्यामुळे पेटीला जमत नाही ती मींड या विजेच्या डब्याला जमते.

‘हे सगळं परदेशी खूळ आहे’ असं कोणी म्हणेल. पेटीसुद्धा परदेशातूनच आली. तिला मींड येत नाही म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत उठवली नाही. आज पेटीशिवाय आपलं भजन सुरू होत नाही. आणि हा सिंथेसायझरही वाटतो तेवढा आपल्याला नवीन नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूगचा सिंथेसायझर आला होता. त्यामागे ज्यांचा पुढाकार होता त्या गीता साराभाई स्वतः पखवाज वाजवायच्या. तिथे तयार झालेल्या ध्वनिफिती पुढे अनेक वर्षं कपाटात पडून होत्या, त्या २०२३ साली प्रकाशित झाल्या. मुंबईत चरणजित सिंग या सिनेसंगीतातल्या वादकाने १९८२ साली जपानी इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवून रेकॉर्ड काढली. तेव्हा ती फारशी कोणी ऐकली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि जगभर गाजली.

आता मी यात कशी शिरले ते सांगते. माझे बाबा इथेच कर्जत स्टेशनला रेल्वेत होते, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. घाट चढणाऱ्या गाडीला मागून बँकर लागताना जो धक्का बसतो, तो आमच्या घरातला रोजचा ताल होता. संध्याकाळी ड्युटी संपली की बाबा भजनी मंडळात तबल्याला बसायचे. मी पाचवीपासून बाईंकडे पेटी शिकत होते. नववीत संगीताचा तास गेला आणि त्या जागी गणिताचा जादा तास आला. वरच्या वर्गांना तेव्हा बहुतेक सगळीकडेच असं व्हायचं. मला गणितही आवडायचं, त्यामुळे मी तेव्हा रडलेबिडले नाही. पेटी माळ्यावर गेली. मग बारावी, इलेक्ट्रॉनिक्सची पदवी, पुण्यात नोकरी, लग्न, मुलगा. चाळिशी ओलांडल्यावर एका रविवारी मुलाला संगणकावर एक खेळणं दाखवत होते, कोड लिहून सूर वाजवायचं मोफत सॉफ्टवेअर. मुलगा दहा मिनिटांत कंटाळून खेळायला गेला. मी रात्री दीडपर्यंत तिथेच होते.

संगणकाला सूर सांगताना एक-एक सूर सांगावा लागत नाही. नियम सांगितला तरी चालतो. नियमाने पायरी-पायरीने उत्तर काढण्याच्या रीतीला आम्ही अल्गोरिदम म्हणतो. तुम्ही तो सहावीत शिकलात. दोन संख्यांचा मसावि काढताना मोठीला लहानीने भागायचं, बाकी उरेल तिने पुन्हा लहानीला भागायचं, हा युक्लिडचा अल्गोरिदम. त्याच रीतीने ८ मात्रांत ३ ठोके शक्य तितके समान अंतरावर बसवले की ३-३-२ असा ताल मिळतो. टाळी वाजवून बघा. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन. क्यूबापासून आफ्रिकेपर्यंत कितीतरी लोकसंगीत याच ठेक्यावर चालतं. गणिताचे सर हसताहेत. सर, मसावि कुठेतरी उपयोगी पडला!

पण सुरांवरचे अल्गोरिदम काही फक्त अमेरिकेत किंवा युरोपातच लिहिले गेले नाहीत. तेराव्या शतकात आपल्या देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचे गृहस्थ होते. नोकरी हिशेबखात्याच्या प्रमुखाची. त्यांनी ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. सात सुरांतला प्रत्येक सूर एकदाच घेऊन किती ताना होतील? ५०४०. त्या सगळ्या क्रमाने कशा लिहायच्या याची रीत त्यात दिली आहे. तीन सुरांवर ती अशी दिसते: सा रे ग, रे सा ग, सा ग रे, ग सा रे, रे ग सा, ग रे सा. सहाच्या सहा आल्या, एकही दोनदा नाही.

पुढची गंमत अशी, की क्रमांक दिला तर मधल्या ताना न लिहिता ती तान थेट कशी काढायची, याचीही रीत त्यांनी दिली आहे. तिला ‘नष्ट’ म्हणतात. उलट तान दिली तर तिचा क्रमांक काढायचा ते ‘उद्दिष्ट’. आमच्या क्षेत्रात हे आजही शिकवतात, शार्ङ्गदेवांचं नाव न घेता.

मग मी आपल्या तुकडीची तान काढली. आपण १९९५ चे, म्हणून १९९५ वी. हिशेब फळ्यावर लिहिला आहे तो बघा. ५०४० तानांचे ७२० चे सात गट. पहिल्या गटातली प्रत्येक तान नी वर संपते, दुसऱ्यातली ध वर, तिसऱ्यातली प वर, असं खाली-खाली. १९९५ मधून दोन गटांचे १४४० गेले, ५५५ उरले, म्हणजे आपण तिसऱ्या गटात. शेवटचा सूर प. आता उरलेल्या सहा सुरांचे १२० चे गट. ५५५ मधून चार गट म्हणजे ४८० गेले, ७५ उरले, पाचवा गट. नी, ध, म, ग, रे. शेवटून दुसरा सूर रे. असंच करत गेलं की पूर्ण तान मिळते:

सा ध म नी ग रे प

बाई, पेटी तुमच्या समोरच आहे. एकदा वाजवता?

(इथे बाईंनी पेटीवर तान वाजवून दाखवली आणि ‘तुमच्या तुकडीसारखीच आहे, एका जागी स्थिर नाही’ असे म्हटले.)

बाई आत्ता हळूच आणखी एक गोष्ट म्हणाल्या, ती मागच्यांसाठी सांगते. ‘वाजवता येते, पण हा राग कुठला?’ बरोबर प्रश्न आहे. उत्तर असं की हा कुठलाच राग नाही. ही नुसती शक्यता आहे. ५०४० तानांमध्ये सगळ्या सारख्याच किमतीच्या. यंत्राला त्यातली कुठलीही द्या, ते तेवढ्याच आनंदाने किंवा तेवढ्याच निर्विकारपणे वाजवेल.

म्हणून मी नियम घट्ट केले. पहिला प्रयोग भूपाचा, कारण आठवीत बाईंनी तो आपल्याकडून महिनाभर घोटून घेतला होता. सा रे ग प ध, पाच सूर, १२० ताना. वर-खाली जाण्याचे नियम घातले, यंत्राला त्यातून निवडत राहायला सांगितलं आणि ऐकत बसले. पाच मिनिटं बरं चाललं. मग काहीतरी खटकायला लागलं. सूर सगळे बरोबर होते, तरी भूप नव्हता. कोड तीनदा तपासला, चूक सापडेना. आणि एकदम बाईंचा आवाज आठवला. ‘ध वर एवढी रेंगाळू नकोस, देसकारात जाशील.’ भूपाचे आणि देसकाराचे सूर तेच पाच. भूपात वजन ग वर, देसकारात ध वर. माझ्या नियमांत सूर होते, वजन नव्हतं. मी ग ला जास्त मुक्काम दिला, ध चा कमी केला, आणि भूप परत आला.

मी हे आवर्जून सांगते आहे. चूक कोडमध्ये दिसत नव्हती. ती कानाला आधी कळली. आणि तो कान जिथे तयार झाला ती खोली या मैदानाच्या पलीकडे आहे, पत्र्याची, पावसात काही ऐकू न येणारी.

आता तबल्याकडे येते. तबल्यात ‘कायदा’ नावाचा प्रकार असतो. शब्दच बघा. काही बोल ठरवून घ्यायचे आणि त्याच बोलांची उलटापालट करत पलटे करायचे. बाहेरचा बोल आणायचा नाही, म्हणून कायदा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स किपन नावाचे संगीताचे अभ्यासक लखनौला उस्ताद आफाक हुसेन खान यांच्याकडे तबला शिकत होते. बर्नार्ड बेल या फ्रेंच संगणकतज्ज्ञाबरोबर त्यांनी ‘बोल प्रोसेसर’ हा प्रोग्रॅम केला. कायद्याचे नियम व्याकरणासारखे संगणकात घालायचे, संगणकाने नवे पलटे तयार करायचे आणि ते उस्तादांना ऐकवायचे. उस्ताद सांगणार, हा चालेल, हा चालणार नाही. मग नियम दुरुस्त करायचे. त्या काळचा छोटा ॲपल संगणक घेऊन हे काम चालायचं. हेच बेल पुढे पुण्याला आले आणि गी पॉयतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या संगणकावर साठवण्याच्या कामात सहभागी झाले. एक लाखाहून जास्त ओव्या. त्यातल्या कितीतरी मावळ-मुळशीच्या, म्हणजे आपल्या घाटाच्या अगदी वरच्या.

हे मी वाचलं तेव्हा माझ्या घरीही एक उस्ताद खाटेवर बसून होते.

तीन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. बोलणं थोडं जड झालं, पण राहिलं. तबला कापडात बांधून कपाटावर ठेवला. दर शनिवारी मी इंद्रायणीने कर्जतला उतरायचे. बाबा गाड्यांच्या वेळांवर बोलायचे, जेवणावर बोलायचे, तबल्यावर बोलायचे नाहीत. मंडळातले लोक भेटायला आले की ते झोपेचं सोंग घ्यायचे.

मी लॅपटॉप आणला आणि म्हटलं, ‘बाबा, मला एक कायदा सांगा, कामासाठी हवाय.’ खोटं बोलले. त्यांनी सांगितला. धाधा तिट धाधा तूना. मी नियम लिहिले, तबल्याचे आवाज भरले आणि संगणकाकडून पलटे वाजवून घेतले. बाबांनी डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, ‘खाली कुठंय?’ मला कळेना. ‘सगळीकडे भरीच वाजवतोय तुझा गडी. अर्ध्यावर धाचा ता होतो. डग्गा गप्प बसतो. ते नाही तर आवर्तन कळणार कसं?’ मी लहानपणापासून ते ऐकत आले होते आणि नियमात लिहायला विसरले होते. तासाभरात दुरुस्ती करून पुन्हा ऐकवलं. त्यांनी आणखी दोन चुका काढल्या. मग तिहाईवर गाडी आली. पाच मात्रांचा तुकडा तीन वेळा आणि मधे दोनदा एक-एक मात्रेची जागा. पंधरा आणि दोन सतरा, म्हणजे त्रितालात समेवरून उचलला की शेवटचा धा पुढच्या समेवर. बाबांनी हे गणित डाव्या हाताच्या पेरांवर करून दाखवलं. त्या दिवशी ते जेवायलाही उशिरा उठले.

पुढच्या शनिवारी गेले तर डग्गा कपाटावरून खाली आलेला होता. आईकडून काढून घेतला होता. उजव्या हाताने वाजवणाऱ्याचा डग्गा डाव्या हाताखाली असतो, आणि बाबांचा डावा हात शाबूत होता. म्हणाले, ‘तुझ्या यंत्राला उजवा हात दे. डावा माझा.’

दोन मिनिटांत सगळं फिसकटलं. यंत्र एका लयीत चालणार, बाबा भजनातल्यासारखे मधेच किंचित रेंगाळणार, मधेच पुढे सरकणार. ते चिडले. ‘हे ऐकत नाही कोणाचं. याच्याबरोबर कोण वाजवणार?’ आणि डग्गा बाजूला सारला.

इथे मला मॉड्यूलर सिंथेसायझरचा खरा उपयोग कळला. डग्ग्याच्या अंगाला मी एक चपटा माइक चिकटवला, रुपयाएवढा, तो कंपनं पकडतो. बाबांचा हात पडला की त्याचा विजेचा एक ठोका तयार होतो. तोच ठोका मी सगळ्या यंत्राचं घड्याळ म्हणून जोडला. आधी बाबा यंत्राच्या मागे धावत होते, आता यंत्र बाबांच्या मागे चालायला लागलं. एक वायर या भोकातून काढून त्या भोकात घातली, एवढंच.

तरी एक अडचण राहिली. खालीच्या भागात डग्गा गप्प असतो. तेव्हा यंत्राला ठोकाच मिळेना, ते मधेच उभं राहायचं. बाबा म्हणाले, ‘खालीत मी हात उचलतो, थांबत नाही.’ मी शेवटच्या काही ठोक्यांमधलं अंतर मोजून, त्या सरासरीने यंत्राला खाली पार करायला लावली आणि पुढच्या भरीला पुन्हा बाबांच्या हातावर सोपवलं. हे नीट जमायला दोन महिने लागले. ऑफिसात यापेक्षा अवघड कामं केली आहेत, पण एवढी कटकट करणारा ग्राहक मिळाला नव्हता.

मागच्या आषाढी एकादशीला मंडळाच्या भजनात बाबा बसले. एक अभंगभर. त्यांच्या शेजारी माझी वायरींची पेटी होती आणि तिच्यावर कोणीतरी भक्तिभावाने बुक्का लावला होता. मधे टाळ्यांचा गजर झाला, माइकने टाळ्यांनाच डग्गा समजून यंत्र एकदम दुप्पट पळालं. बुवा हसले, सगळेच हसले. बाबांनी डाव्या हाताने दोन खणखणीत ठोके देऊन त्याला ठिकाणावर आणलं. मी ग्रुपवर टाकलेली दोन मिनिटांची फीत त्याच भजनातली होती. बाई, त्यात डग्गा माणसाचा आहे. हे मी तेव्हा लिहायला हवं होतं. बाबांना कोणी कौतुक करावं ते आवडत नाही, म्हणून लिहिलं नाही. आज ते घरी आहेत, म्हणून सांगून टाकते.

तर, मी काय करते? मी नियम लिहिते. यंत्र त्या नियमात बसणारं सगळं काही समोर ओततं. त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते मला ठरवावं लागतं, आणि मला कळलं नाही तर ज्याला कळतं त्याला विचारावं लागतं. यात यंत्राचं काम सगळ्यात सोपं आहे. भूप कुठे बिघडला हे मला बाईंमुळे कळलं आणि खाली कुठे हरवली ते बाबांमुळे. ते दोघं नसते तर माझ्याकडे ५०४० ताना असत्या आणि गाणं एकही नसतं.

आता शेवटचा मुद्दा. इथे कदाचित समिती माझ्यावर नाराज होईल. आपण तुकडीचा निधी जमवला आहे आणि त्यातून शाळेला नवे संगणक द्यायचे, असा प्रस्ताव आहे. मी संगणकवाली, त्यामुळे मी त्याला पहिला हात वर करीन असं सगळ्यांनी गृहीत धरलं आहे. काल दुपारी मी ती पत्र्याची खोली उघडून बघितली. तिथे तुटके बाक ठेवले आहेत. तबल्याची पुडी फाटली आहे. पेटीचा भाता सुटला आहे. आज बाईंसमोर आहे ती पेटी आमच्या माळ्यावरची आहे.

माझी विनंती अशी. निधीचे दोन भाग करू. अर्ध्यात संगणक घेऊ. उरलेल्या अर्ध्यात तबला मढवून घेऊ, पेटी दुरुस्त करू आणि आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या संगीत शिक्षकाचं मानधन जमेल तितकी वर्षं देऊ. महिन्यातल्या एका शनिवारी मी येईन आणि त्याच संगणकांवर मुलांना सूर आणि ताल कोडमध्ये लिहायला शिकवीन. सॉफ्टवेअर सगळं मोफत आहे, त्याला एक रुपया लागणार नाही. पण माझा शनिवार दुसरा असू द्या. आधी मुलांच्या कानावर सूर पडू द्या. नाहीतर मुलं यंत्राकडून हजार ताना काढून घेतील आणि त्यातली बरी कुठली ते त्यांना सांगता येणार नाही. यावर मेळावा संपायच्या आत चर्चा व्हावी, विरोधात बोलायचं असेल त्यांनीही जरूर बोलावं.

जाता जाता एक छोटी भेट. दाराशी टेबलावर मी आपला दहावीचा हजेरीपट आणि एक वही ठेवली आहे. प्रत्येकाच्या हजेरी क्रमांकाची तान शार्ङ्गदेवांच्या रीतीने काढून लिहिली आहे. पहिल्या क्रमांकाच्या मित्राला सरळ आरोह मिळाला आहे, सा रे ग म प ध नी, त्याच्या स्वभावाला शोभेल असा. चोविसाव्या क्रमांकापर्यंतच्यांचे पहिले चार सूरच फिरतात, पुढचे प ध नी जागचे हलत नाहीत. माझा क्रमांक त्रेपन्न, म्हणून रे म सा प ग ध नी. हजेरीपटावरचे दोन जण आज आपल्यात नाहीत. त्यांच्याही ताना त्यांच्या क्रमांकासमोर लिहिल्या आहेत. बाईंनी त्या सकाळी पेटीवर वाजवून बघितल्या आहेत आणि म्हणाल्या, दोन्ही गाता येण्यासारख्या आहेत.